परसदारावर उजेड येईल असं न गळणारं छप्पर कसं घालावं

आमचं घर साताऱ्यात, शाहूपुरीत. मागे बारा बाय चौदा फुटांचं परसदार. धुणं तिथे, मोरी तिथे, सासूबाईंचं वाळवण तिथे. स्वयंपाकघराची एकुलती एक मोठी खिडकीही त्याच बाजूला. काही वर्षांपूर्वी आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने तिथे हिरवा फायबरचा पत्रा टाकून घेतला. पहिल्याच पावसात भिंतीलगत धार लागली. तिसऱ्या वर्षी पत्रा मळकट पिवळा पडला, आणि भर दुपारी भाजी चिरायला दिवा लावावा लागू लागला.

दुसऱ्यांदा सगळं उतरवून नव्याने घातलं तेव्हा मी मधल्या पायऱ्या स्वतः शिकून घेतल्या. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते. छप्पर गळतं ते जोडात, कडेला आणि स्क्रूच्या भोकात. मधला पत्रा कधीच गळत नाही. लोक मात्र सगळा वेळ आणि पैसा पत्रा निवडण्यात घालवतात. आम्हीही तेच केलं होतं.

१. आधी कागद, मग लोखंड

बहुतेकांचं परसदार म्हणजे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून नियमाने सोडायची मोकळी जागा. ती झाकायची तर आधी विचारावं लागतं. राज्यात २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आहे, आणि त्याच वर्षी साताऱ्याची हद्दवाढ झाल्याने आमच्यासारखे, आधी ग्रामपंचायतीत असलेले, नगरपालिकेत आले. तेव्हा ‘पूर्वी शेजारच्यांनी घातलं, त्यांना कुणी काही म्हटलं नाही’ या भरवशावर राहू नका. नगर रचना विभागात जाऊन आपल्या मंजूर नकाशावर बोट ठेवून विचारा. जमलं तर उत्तर लेखी घ्या.

सोबत न्यायचे कागद:

- मंजूर बांधकाम नकाशाची प्रत
- मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा
- चालू वर्षाची घरपट्टी पावती
- छपराचा हाताने काढलेला साधा आराखडा: लांबी, रुंदी, उंची, हद्दीपासूनचं अंतर, पाणी कुठे पडणार
- सोसायटीत किंवा अपार्टमेंटमध्ये असाल तर ना हरकत पत्र

फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी सांगाडा बनवणारा कारागीर, म्हणेल, ‘तात्पुरतं शेड आहे, काही लागत नाही.’ नोटीस आलीच तर ती घरमालकाच्या नावावर येते, त्याच्या नाही.

आणि शेजाऱ्यांशी बोला. पागोळी त्यांच्या हद्दीत पडणार नाही हे आराखड्यावर दाखवा. आमच्याकडे ही पाच मिनिटांची गोष्ट होती, कारण मी चहाला बोलावून दाखवलं. आमच्या गल्लीत दुसऱ्या एका घरी ती दोन वर्षं चाललेली अबोला-कथा आहे.

२. कधी सुरुवात करायची

जानेवारी-फेब्रुवारीत. मृग ७-८ जूनला लागतो, पण वळीव त्याआधी दीड-दोन महिने कधीही येतो आणि येताना गारा घेऊन येतो. मेमध्ये प्रत्येक फॅब्रिकेटरकडे शेडची रांग असते. तेव्हा तो काम घेतो, पाया ओला असतानाच खांब उभे करतो आणि रंग वाळायच्या आत पत्रा ठोकून पुढच्या घरी जातो. आमच्या पहिल्या छपराचं नेमकं हेच झालं.

३. पत्रा कोणता

बाजारात चार प्रकार दिसतील.

फायबरचा पत्रा स्वस्त असतो. उन्हाने वरचा थर झिजला की आतले काचतंतू उघडे पडतात, त्यात धूळ आणि शेवाळ धरतं. उजेड वर्षागणिक कमी होत जातो. गोठ्याला ठीक. ॲक्रिलिक दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण गारेने किंवा नारळाने तडकतं. काच सुंदर दिसते, पण १० मिलिमीटरची काच चौरस मीटरला २५ किलो भरते. आमच्या साडेपंधरा चौरस मीटरला जवळजवळ ३९० किलो! एवढं वजन पेलायचा सांगाडा आणि वर लॅमिनेटेड काचेचा खर्च हे आपल्या परसदाराचं काम नव्हे.

राहिलं पॉलिकार्बोनेट. त्यात एक भरीव शीट, एक नालीदार आणि एक पोकळ कप्प्यांचं, ज्याला दुकानदार ‘मल्टिवॉल’ म्हणतात. मी १० मिलिमीटरचं मल्टिवॉल घेतलं. चौरस मीटरला साधारण पावणेदोन किलो वजन, आणि मधल्या हवेमुळे ऊन थोडं अडतं. तोटाही सांगते: जोरात पाऊस आला की ताशा वाजतो. पलीकडच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही.

रंगाचा निर्णय घाईत घेऊ नका. सातारा १७.७ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. पारदर्शक शीटमधून सुमारे ८० टक्के उजेड येतो. मेमध्ये त्याखाली उभं राहवत नाही. दुधी रंगाच्या शीटमधून साधारण निम्मा येतो, पण तो सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत. आमच्या स्वयंपाकघराला तो पुरून उरला. चॉकलेटी आणि निळं शीट दुकानात छान दिसतं. घरी त्याखाली वरण-भातसुद्धा आजारी दिसतो.

सांगलीत ताईकडे हाच प्रश्न वेगळा होता. तिथे पाऊस कमी, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तिने दुधीच घेतलं आणि वर उन्हाळ्यापुरतं हिरवं शेडनेट हातभर उंचावर ताणायची सोय ठेवली. पावसाळ्याआधी गुंडाळून ठेवायचं.

एक सूचना सासूबाईंच्या वतीने: या शीटमधून उन्हाची ऊब येते, पण अतिनील किरण जवळजवळ सगळे अडतात. कुरडया-पापड वाळतात. गाद्या, लोणच्याच्या बरण्या आणि डाळी-धान्याला कडक ऊन दाखवायचं असेल तर ते गच्चीवरच.

४. माप शीटवरून ठरवा

मल्टिवॉल शीट बहुतेक ठिकाणी २.१ मीटर, म्हणजे सुमारे सात फूट रुंदीत मिळतं. आमच्या १४ फुटांना बरोबर दोन शीटं बसली आणि मध्ये एकच जोड आला. हाच आकडा १६ फूट असता तर दोन फुटांची पट्टी जोडावी लागली असती: एक जोड जास्त, गळायची एक जागा जास्त. छपराची रुंदी अर्धा-एक फूट कमी करून जोड वाचत असेल तर खुशाल वाचवा.

लांबी नेहमी एकसंध घ्या. उताराच्या आडवा जोड कधीही नको, कितीही सिलिकॉन भरलं तरी.

कप्पे उताराच्या दिशेनेच उभे गेले पाहिजेत. आत थोडी वाफ धरतेच, तिचं पाणी खाली वाहून जायला हवं. कप्पे आडवे टाकले तर ते पाणी आतच बसतं आणि दोन पावसाळ्यांत हिरव्या रेघा दिसू लागतात. अंगणात शीट बसवणं सोपं जावं म्हणून आडवी टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत.

५. उतार

कंपन्या कमीत कमी ५ अंश सांगतात, म्हणजे मीटरला सुमारे ९ सेंटिमीटर. तो सपाट प्रदेशाचा आकडा समजा. आमच्याकडे यवतेश्वरच्या डोंगराकडून सरीवर सर येते, सोबत पालापाचोळा येतो, आणि कमी उतारावर पाणी तरंगत राहतं. मी बारा फुटांना दीड फूट उतार ठेवला. भिंतीकडे साडेनऊ फूट, टोकाला आठ फूट. सांगली-मिरजेकडे सव्वा फूटही चालेल.

उंची ठरवण्याआधी दोन गोष्टी मोजा: खिडकीवरचा छज्जा आणि बाहेर उघडणारं दार. आमच्या शेजारच्यांचं दार आता छपराच्या तुळईला आपटतं. रोज.

उतार दाखवायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतो ती पाणसळ उत्तम. मोबाइलमधल्या पाणसळीवर विसंबू नका.

६. वाऱ्याचा हिशेब

हा भाग कुणी करत नाही, आणि दर वळवात कुणाचं तरी शेड तिसऱ्याच घराच्या गच्चीवर सापडतं.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. त्याच मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. मी तोच घेतला. उत्तर येतं चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या थोडं वर, म्हणजे ढोबळमानाने ९३ किलो. आमच्या छपरावर एकूण सुमारे १४५० किलो. आणि आमच्या शीटचं स्वतःचं वजन? सत्तावीस किलो. म्हणजे या छपराला खाली पडण्याची भीती नाही, वर उडण्याची आहे. सगळी बांधणी त्याला खाली धरून ठेवण्यासाठी करायची.

यातला निम्मा ओढा भिंतीवर आणि निम्मा पुढच्या खांबांवर येतो असं धरलं तर खांबांनी सव्वासातशे किलो तरी धरायला हवेत. दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला की त्याचं वजन साधारण ३८० किलो होतं. तीन खांब, तीन खड्डे, अकराशे किलोंच्या पुढे. हे भागलं. कडेला आणि कोपऱ्यांत ओढा सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून वरची शिल्लक चैन समजू नका. मोठं छप्पर असेल, घर टेकाडावर किंवा अगदी उघड्यावर असेल, तर हा हिशेब एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

७. खांब आणि पाया

साताऱ्यात बहुतेक ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, काम सोपं. सांगलीकडे काळी माती, ती फुगते आणि आक्रसते, त्यामुळे खोली आकड्याने न ठरवता कठीण थर लागेपर्यंत खणा.

खांबाचा पाइप काँक्रीटमध्ये गाडू नका. जमिनीच्या रेषेवर तो आतून कुजतो आणि चार-पाच वर्षांनी बोटाने दाबला तर खपली निघते. काँक्रीटमध्ये चार बोल्ट सोडायचे, वर ८ मिलिमीटर जाडीची बेस प्लेट, आणि तिच्यावर खांब. प्लेट फरशीपासून चार इंच उंच, छोट्या ओट्यावर. धुण्याचं पाणी साचणार असेल तर सहा इंच. काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी मारा, मगच वर वजन चढवा.

८. भिंत: खरी परीक्षा

नव्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारे बोल्ट, चांगले धरतात. आधी हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे. तो उकलून खऱ्या भिंतीपर्यंत जा.

घर जुन्या पेठेतलं असेल, शनिवार किंवा मंगळवार पेठेतल्यासारखं, मातीत बांधलेल्या दगड-विटांचं, तर भिंतीवर भिस्त ठेवूच नका. मातीत अँकर बोल्ट फिरत राहतो. तिथे भिंतीलगतही खांब उभे करा आणि छप्पर स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. भिंतीशी त्याचं नातं फक्त पाणी अडवण्यापुरतं.

९. सांगाडा

शब्द आधी जुळवून घेऊ. पुढच्या खांबांवर आडवी जाते ती तुळई. भिंतीपासून तुळईवर उताराने येतात ते वासे, ज्यांना फॅब्रिकेटर राफ्टर म्हणतो. वाशांना आडव्या जातात त्या रिपा, म्हणजे त्याचे पर्लिन.

आमची मापं: खांब ३×३ इंच, तुळई आणि वासे ४×२ इंच, चार इंचांची बाजू उभी, रिपा दीड इंच चौरस. वासे पाच, साडेतीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे शीटच्या दोन्ही कडा आणि मध्य वाशावरच येतो. रिपा अडीच फुटांच्या आत. खांब भिंतीपासून साडेदहा फुटांवर, पुढे दीड फूट छप्पर बाहेर.

फॅब्रिकेटर वाशाला २×२ इंच सुचवेल, ‘वहिनी, खूप होतंय’ म्हणेल. उभं राहायला ते पुरतं. वाऱ्याच्या ओढ्याला दहा-साडेदहा फुटांत ते वाकतं. घराचे वासे फिरायला घर फिरावं लागत नाही, एक वळीव पुरतो.

भाव नेहमी दोन भागांत मागा: लोखंड किलोवर, शीट चौरस फुटावर. सगळं मिळून चौरस फुटाचा एकच दर दिला की पाइप पातळ होतो. ४×२ इंचाचा २ मिलिमीटर जाडीचा पाइप सहा मीटरला २६-२७ किलो भरतो, १.६ मिलिमीटरचा २१-२२ किलो. डोळ्यांना फरक कळत नाही. एक नळी वजनकाट्यावर ठेवा. मी ठेवली. त्यानंतर मला ‘तुम्हाला नाही कळायचं’ कुणी म्हणालं नाही.

वेल्डिंग, घासणं, रेड ऑक्साइड आणि रंग हे सगळं शीट यायच्या आधी पूर्ण. वरच्या बाजूला, जिथे शीट टेकणार, तिथे पांढरा रंग लावा. काळं लोखंड मेच्या उन्हात तापतं आणि त्या रेषेवर शीट लवकर म्हातारं होतं. रंग कडक वाळू द्या, ओल्या रंगातल्या थिनरने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. पाइपांची तोंडं झाकणं वेल्ड करून बंद करा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. शीट चढल्यावर ‘एवढा एकच टाका राहिला’ म्हणून वेल्डिंगची ठिणगी उडाली की तिथे भोक पडलंच.

१०. शीट चढवणं

इथे सावकाश वाचा. छप्पर गळतं ते बहुतेक इथल्याच चुकांमुळे.

कोणती बाजू वर? अतिनील किरणांपासून वाचवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो. त्या बाजूच्या संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं. फिल्म काढली की दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात. म्हणून फिल्म काढण्याआधी कडेला मार्करने खूण करा. बसवण्याआधी कडेपुरती फिल्म सोलायची आणि बाकीची त्याच दिवशी संध्याकाळी काढायची. चार दिवस उन्हात राहिली तर ती चिकटून बसते. मग नखांनी सोलत बसा.

टोकं कशी बंद करायची? वरच्या टोकाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, हवाबंद. खालच्या टोकाला बारीक छिद्रांची पट्टी: पाणी बाहेर पडेल, मुंग्या आत येणार नाहीत. त्यावर यू आकाराची पट्टी बसवून तिला खालून हातभर अंतरावर बारीक भोकं पाडायची. कारागीर दोन्हीकडे पारदर्शक सेलोटेप लावून मोकळा होतो. सहा महिन्यांत ती सुटते.

भोक किती मोठं? पॉलिकार्बोनेट तापलं की वाढतं: मीटरमागे, अंशामागे ०.०६५ मिलिमीटर. पावणेचार मीटरच्या शीटला थंडीतली पहाट आणि मेची दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला तर जवळजवळ एक सेंटिमीटर. एवढं सरकायला जागा हवी. म्हणून ६ मिलिमीटरच्या स्क्रूला १० मिलिमीटरचं भोक, वर रुंद वॉशर आणि खाली ईपीडीएम रबर (ऊन-पावसात टिकणारं). साधं काळं पीव्हीसी रबर नको, त्यातलं तेल शीट खातं. कडेपासून भोक निदान ४ सेंटिमीटर आत. आणि स्क्रू आवळताना शीट दबू लागलं की थांबा, अर्धा फेरा उलटा फिरवा. कडकड आवळलेला स्क्रू पहिल्याच उन्हाळ्यात भोवती तडा पाडतो, आणि पावसाळ्यात तिथूनच थेंब येतो. शीट रात्री गार होताना टकटक आवाज करतं, त्याला घाबरू नका. ते सरकतंय, म्हणजे काम बरोबर झालंय.

मधल्या जोडासाठी प्लास्टिकची एच आकाराची पट्टी स्वस्त मिळते. कमी उतारावर ती पाणी आत घेते. ॲल्युमिनियमची दाबपट्टी घ्या, वर-खाली रबर आणि वरून झाकण असलेली. छपरातला सगळ्यात वसूल खर्च हाच.

सिलिकॉन: दुकानात ‘न्यूट्रल’ मागा. नळीला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर परत द्या, तो प्रकार पॉलिकार्बोनेटला चालत नाही.

वर चढायचं तर दोन रिपांवर आडवी फळी टाकून तिच्यावर. शीटवर पाय कधीच नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

११. भिंतीचा जोड

आमच्या पहिल्या छपरात पत्रा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिलिकॉनचा जाड पट्टा ओढला होता. त्यावर सिमेंटही थापलं होतं, विश्वास वाटावा म्हणून. पत्रा उन्हाने हलला, पट्टा सुटला. पाणी भिंतीवरून उतरून थेट त्या फटीत.

बरोबर पद्धत अशी: शीटच्या वर सहा इंचांवर भिंतीत कटरने इंचभर खोल आडवी खाच घ्या. दुमडलेल्या पत्र्याची एक कड त्या खाचेत खोचायची आणि खाच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरायची. पत्रा तिथून खाली येऊन शीटवर निदान सहा इंच पसरतो, पण शीटला चिकटवलेला नसतो. शीट खाली मोकळं सरकतं, पाणी वरून घरंगळतं. खाच उताराने नको, सरळ पाणसळीत. भिंतीचं प्लॅस्टर ओलं असेल तर सीलंट धरत नाही, म्हणून हे काम एप्रिलमध्ये.

१२. पन्हळ

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत आमच्या छपरावरून मिनिटाला २६ लिटर पाणी येतं. सहा इंची पन्हळ आणि चार इंची उभा पाइप आरामात घेतात. पन्हळीला दहा फुटांना इंचभर उतार द्या. शीट पन्हळीत पाच सेंटिमीटर बाहेर यावं: कमी आलं तर पाणी मागे वळून तुळईवर येतं, जास्त आलं तर पन्हळ ओलांडून उडतं. पाइपाच्या तोंडावर जाळी.

गच्चीचं पाणी छपरावर सोडू नका. गच्ची चार-पाच पट मोठी असते, तिच्या नळीची धार एका जागी पडली की पन्हळ हरते. त्या पाण्याला वेगळा पाइप.

वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी या छपरावरून साडेपंधरा हजार लिटर पाणी जातं. आम्ही ते टाकीत घेतो. पहिल्या दोन पावसांचं सोडून.

१३. तिरपा पाऊस आणि अडकलेली गरम हवा

आमचं परसदार पश्चिमेला. जुलैत पाऊस आडवा येतो आणि कितीही चांगलं छप्पर असलं तरी तीन-चार फूट आतपर्यंत भिजतं. पुढे सोडलेलं दीड फूट त्यासाठीच. शिवाय तुळईखाली गुंडाळायचा जाड पारदर्शक पडदा लावला आहे, जूनमध्ये उतरवतो, दसऱ्याला काढतो. ताडपत्री लावली तर उजेडाचं सगळं मुसळ केरात.

गरम हवा वर भिंतीलगत अडकते. तिथल्या बाजूचा त्रिकोण बंद करू नका, जाळी लावा. पावसाची बाजू बंद आणि पलीकडची उघडी, असं आम्ही केलं.

१४. पैसे देण्याआधी नळीची चाचणी

शेवटचा हप्ता हातात ठेवा. बागेची नळी घ्या आणि खालून वर जा: आधी पन्हळ, मग खालची कड, मग मधला जोड, मग स्क्रू, सगळ्यात शेवटी भिंतीचा जोड. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. खाली कोरड्या फरशीवर वर्तमानपत्र पसरा, थेंब लगेच दिसतो. आमच्याकडे तीन स्क्रू सापडले. दहा मिनिटांत दुरुस्त झाले, कारण कारागीर तिथेच उभा होता आणि पैसे माझ्याकडे होते.

शीटचं बिल आणि फिल्मवरचा कंपनीचा छाप असलेला तुकडा जपून ठेवा. पिवळेपणाची हमी मागायला दोन्ही लागतात.

१५. देखभाल

वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि नवरात्रात घर आवरताना. साबणाचं पाणी, मऊ फडकं लांब काठीला बांधून, भरपूर पाणी. थिनर, रॉकेल, काथ्या, भांड्याची घासणी यातलं काहीही नको. ऊसपट्ट्यात राहत असाल तर पाचट जाळल्याची काळी पापुद्री हिवाळाभर छपरावर उतरते. ती कोरडी पुसू नका, ओरखडे पडतात. आधी पाण्याने भिजवून वाहू द्या.

माकडांवर मला उपाय सापडलेला नाही. अजिंक्यताऱ्याकडून टोळी आली की एक-दोन उड्या पडतातच. दहा मिलिमीटरच्या शीटने आजवर त्या सोसल्या आहेत. पन्हळीची एक पकड मात्र दोनदा बदलावी लागली, म्हणून आता चार पकडी जास्तीच्या आणून ठेवल्या आहेत.